सनद विकत मिळते काय?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या आवारात बोलत उभी होती. बेळगावनजीकच्या एका गावातील, आमच्या चांगल्या परिचयाच्या घरातला मुलगा आम्हांला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, एक सल्ला पाहिजे होता. आईला अजून काही सांगितलेलं नाही." मुलगा मेकॅनिकलची पदविका घेतलेला, उद्यमबागेतील एका फौंड्रीत तीन वर्षे काम करणारा, स्वभावाने सरळ. हकीकत अशी की, आखाती देशांत 'सेफ्टी ऑफिसर' म्हणजे सुरक्षा अधिकारी या पदाला मोठी मागणी आहे, त्यासाठी एक विलायती प्रमाणपत्र लागते, आणि ते परीक्षेची दगदग न करता पाच दिवसांत हाती देऊ, असे एका दलालाने त्याला सांगितले होते. पैसे अर्थातच आगाऊ. आईच्या पाटल्या मोडल्या की रक्कम उभी राहील, असा त्याचा हिशोब होता.

आम्ही त्याला हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. एकच प्रश्न विचारला: "तुमच्या मळ्यातली विहीर साफ करायला गडी उतरला आणि तळाशी जाऊन निपचित पडला. तू काठावर आहेस. काय करशील?"

क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, "उतरेन की, काका. माणूस मरू द्यायचा का?"

उत्तर त्याच्या मनाच्या चांगुलपणाला साजेसे होते आणि तेच उत्तर माणसांचा जीव घेते. ते कसे, हे पुढे सांगू. आधी या विद्येची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे, कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे. गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत, वडोदऱ्याच्या रासायनिक पट्ट्यात, इंदूरजवळच्या पिथमपुरात, हैदराबादेजवळ पाटणचेरूला आपली मुले कामे करीत आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या कानावर हे प्रमाणपत्राचे नाव गेलेले आहे.

या विद्येचे नाव तीन शब्दांचे आहे: पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा. हे तीन शब्द एकत्र का बांधले गेले, हे आपल्या देशात तरी कोणास फार समजावून सांगावे लागू नये. १९८४ सालच्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री भोपाळ येथे युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील एका टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट होते. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती, आणि निसटणारा वायू जाळून टाकण्यासाठी जो उंच मनोरा होता त्याच्या नळीचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. पुढे जे झाले ते सर्वांस ठाऊक आहे. कुंपणाच्या आत जी कामगाराच्या सुरक्षेची बाब होती, तीच कुंपणाबाहेरच्या वस्तीत निजलेल्या लेकरांच्या आरोग्याची बाब झाली, आणि तिथल्या जमिनीची व पाण्याची बाब तर ती अजूनही आहे. १९८६ साली आपल्याकडे पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला. १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांसंबंधी एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. कायदे बहुधा असेच, प्रेतयात्रेच्या मागून येतात.

सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन त्याही आधीचे आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने, हजार किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यावर ते आले. आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिने हा आकडा पाचशेवर आणला आहे. घातक प्रक्रिया चालणारा कारखाना किंवा इमारत-बांधकामाची जागा असेल तर अडीचशे, आणि खाण असेल तर शंभर. म्हणजे हे पद वाढत जाणार आहे, यात शंका नाही. दलालाने त्या मुलास मागणीबद्दल सांगितले ते खोटे नव्हते. अर्धे खरे सांगितल्याखेरीज दुसरे अर्धे कोणी विकत घेत नाही.

येथे पालकांनी एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण पैसा बहुधा याच गोंधळात बुडतो. आपल्या देशातील कारखान्यात कायद्याने मानलेला सुरक्षा अधिकारी व्हावयाचे असेल, तर राज्य सरकारने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका लागते. अशी पदविका मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत घेता येते. कोलकाता, चेन्नई, कानपूर, फरिदाबाद व शिलाँग येथे तिच्या भगिनीसंस्था आहेत. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाचीही अशी पदविका आहे. या अभ्यासक्रमांना अभियांत्रिकीची पदवी अगर पदविका, किंवा विज्ञानाची पदवी, असा काही पाया लागतो. आणि जुन्या अधिनियमाखाली राज्यांनी केलेल्या नियमांप्रमाणे एवढ्यानेही भागत नसे. अभियंत्याने कारखान्यात देखरेखीचे काम दोन वर्षे केलेले असावे, पदविकाधारकाने किंवा पदार्थविज्ञान-रसायनाच्या पदवीधराने पाच वर्षे, अशी अट असे. नव्या संहितेखाली आपल्या राज्याचा नियम काय आहे, हे कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत जाऊन विचारावे. तेथे विचारण्यास पैसे पडत नाहीत.

परदेशी जाणाऱ्यांसाठी जे प्रमाणपत्र मागितले जाते ते बहुतकरून नेबॉश या ब्रिटिश परीक्षामंडळाचे असते. हे मंडळ १९७९ साली स्थापन झाले व त्याची कचेरी लेस्टर शहरी आहे. अमेरिकेतही १९६९ पासून असे एक मंडळ आहे, परंतु त्याची मोठी सनद पदवी आणि काही वर्षांचा अनुभव असल्याखेरीज मिळत नाही. नेबॉशचे प्रमाणपत्र चांगले आहे, पण ते आपल्याकडील पदविकेची जागा घेत नाही, आणि आपली पदविका आखातातील कंत्राटदाराला पुरेलच असेही नाही. 'हे एक घेतले की सगळीकडे चालते' असे जो सांगतो त्याच्या दुकानाची पायरी चढू नये.

नेबॉशच्या सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा दोन भागांची असते. पहिल्या भागात एका कामाच्या जागेचे वर्णन देतात, आणि त्या वर्णनावरून प्रश्न विचारतात. पुस्तक उघडून लिहिण्यास परवानगी असते. हे ऐकून आपली मुले हुरळतात. परंतु पुस्तकातले परिच्छेद उतरवून काढले तर गुण मिळत नाहीत. त्या विशिष्ट जागेत काय चुकले आहे, कोणामुळे चुकले आहे, हे स्वतः शोधून लिहावे लागते, आणि दुसऱ्याची नक्कल सापडली तर मंडळ कारवाई करते. दुसऱ्या भागात उमेदवाराने स्वतःच्या कामाच्या जागी फिरून तेथील धोक्यांची पाहणी लिहून काढावयाची असते: वीज, आग, यंत्रे, रसायने, ओझी उचलणे, इतकेच नव्हे तर मनावरील ताणसुद्धा. आम्हांला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. रोज ज्या जिन्यावरून आपण चढतो त्याचा कठडा हलतो आहे, हे दिसण्याला डोळा लागतो आणि तो डोळा पाच दिवसांत येत नाही.

आता या विद्येत शिकवतात तरी काय? पुष्कळांची समजूत अशी की, सुरक्षा म्हणजे डोक्यावर पिवळे टोप आणि पायांत जाड बूट. शास्त्र याच्या उलट सांगते. अंगणात बिनकठड्याची विहीर आहे आणि घरात लहान मूल आहे, असे समजा. विहिरीचा उपयोग राहिला नसेल तर ती बुजवावी, म्हणजे धोकाच नाहीसा झाला. ती हवी असेल तर पाणी पंपाने वर घेऊन तोंडावर पक्की जाळी बसवावी, किंवा निदान कठडा बांधावा. तेही न जमले तर मुलाला दटावून ठेवावे आणि कोणी तरी लक्ष ठेवावे. आणि सर्वांत शेवटी मुलाच्या कमरेला भोपळा बांधावा. टोप आणि बूट हे या क्रमातले भोपळे आहेत. ते नकोत असे नव्हे, पण ज्या कारखान्यात फक्त भोपळेच वाटले जातात तेथे विहीर उघडीच आहे, असे समजावे. मालकाला भोपळा स्वस्त पडतो आणि कठडा महाग. सुरक्षा अधिकाऱ्याचे निम्मे आयुष्य ही गोष्ट मालकाला पटवण्यात जाते, असे या धंद्यातील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस सांगितले होते.

आता आमच्या प्रश्नातील विहिरीकडे येतो.

आपण श्वासात घेतो त्या हवेत शंभरांत जवळजवळ एकवीस भाग प्राणवायू असतो. तो साडेएकोणीसच्या खाली गेला की तेथे साध्या श्वासावर काम करू नये, असा दंडक आहे. दहाच्या खाली गेला तर माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध होतो. जुनी विहीर, धान्याचे पेव, सेप्टिक टँक, गटाराचे भोक, जहाजाची टाकी, बंद पडलेले बॉयलर या सर्व जागा वरून शांत दिसतात. आत काही कुजत असते, गंजत असते किंवा आंबत असते आणि प्राणवायू खाऊन टाकीत असते. जेथे मैला कुजतो तेथे हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो. प्रथम त्याचा नासक्या अंड्यासारखा वास येतो, आणि मग वास यावयाचा थांबतो. माणसाला वाटते वायू गेला. प्रत्यक्षात वायू इतका वाढलेला असतो की नाकच बधिर झालेले असते.

आमच्या आजोबांच्या काळी विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोरीने खाली सोडीत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. त्या पिढीला प्राणवायू हा शब्दही ठाऊक नसेल, पण तिचा आदर केल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. तथापि हेही सांगितले पाहिजे की, कंदिलाला फक्त प्राणवायूच कळतो. माणूस मारण्याइतका विषारी वायू असला तरी कंदील खुशाल जळत राहतो. आणि सेप्टिक टँकमध्ये तर मिथेन असतो, तेथे पेटता कंदील सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. म्हणून आज वायुमापक यंत्र खाली सोडतात. ते प्राणवायू, जळणारा वायू, विषारी वायू निरनिराळे मोजते.

आणि मग एक माणूस पडतो. वर उभा असलेला भाऊ धावतो. तो पडतो. त्याच्या मागून शेजारी. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ साली अशा बंदिस्त जागांतील मृत्यूंविषयी जी सूचना काढली तीत स्पष्ट म्हटले होते की, मरणारांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडे एका टाकीत एकाच घरातले दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या याच होत. सेप्टिक टँकमध्ये साधनांवाचून माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला तीस लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. तरी माणसे उतरतात. आमच्या गावांतही उतरतात, सणापूर्वी घाई असते म्हणून.

मग काठावरच्या माणसाने करावे काय? त्याने आत जाऊ नये. मदत बोलवावी, आणि पडलेल्याच्या अंगाला आधीच दोर बांधलेला असेल तर त्याने त्याला वर ओढावे. हा 'आधीच' हा शब्द म्हणजेच सगळी विद्या. प्रशिक्षित माणूस अशा कामाला लेखी परवाना दिल्याखेरीज हात लावू देत नाही. हवा मोजली काय, ती किती भरली, पुन्हा केव्हा मोजणार, आत येणाऱ्या नळ्या बंद करून कुलूप घातले काय, बाहेर कोण उभा राहणार, दोर आणि तिपाई कोठे आहे, हे सर्व त्या कागदावर भरावे लागते आणि खाली सही करावी लागते. ती सही सुरक्षा अधिकाऱ्याच्या तपासणीवर विसंबून होते, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचीही सही तीवर लागते.

आम्ही त्या मुलाला एवढेच म्हटले, "पाच दिवसांचा कागद घेऊन तू जाशील. तुला तेथे कोणी परीक्षा विचारणार नाही. तो कागद पाहून ते तुझ्यावर विश्वास ठेवतील. एके दिवशी बिहारचा नाही तर नेपाळचा एक मुलगा टाकीच्या तोंडाशी उभा राहील आणि तुझ्या सहीची वाट पाहील. तुला हवा मोजता येत नसेल. मुकादम म्हणेल, सही करा साहेब, वेळ जातोय."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी तर स्वतःच उतरलो असतो."

वाचकहो, नकली प्रमाणपत्राविषयी आपण नेहमी बोलतो ते पकडले जाण्याच्या भीतीने. पकडले जातातही. प्रमाणपत्र खरे की खोटे हे नोकरी देणारा थेट परीक्षामंडळाकडे विचारून घेऊ शकतो, आणि परदेशात खोट्या कागदावर सापडलेल्या मुलाची काय अवस्था होते हे सांगण्याची गरज नाही. परंतु न पकडला गेलेला मुलगा आम्हांला अधिक भिववतो. खोट्या पदवीचा कारकून हिशोब चुकवील, तो दुरुस्त होईल. ही सनद त्या जातीची नाही. ही औषध देणाऱ्याच्या सनदेच्या जातीची आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या मुलांच्या बाजूची आहे आणि तिचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही. राज्यांच्या त्या नियमांत सुरक्षा अधिकाऱ्यासाठी आणखी एक अट होती: कारखाना ज्या भागात आहे तेथील बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला पुरेशी आली पाहिजे. ज्याने ही अट लिहिली त्याला आम्ही मनोमन नमस्कार करतो. भोपाळच्या कारखान्यातील सूचनापुस्तिका इंग्रजीत होत्या, आणि त्या वाचून उमगावे इतके इंग्रजी तेथील पुष्कळ कामगारांना येत नव्हते. आमच्या सीमाभागातील मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात कानडी, कामावर हिंदी. कोणी कोकणीही बोलतो. शाळेत ही भाषांची सरमिसळ त्याला ओझे वाटली असेल, पण ओतकामाच्या भट्टीपाशी तीच त्याची पुंजी आहे. धोका इंग्रजीत समजलेला आणि कामगाराच्या बोलीत सांगता येणारा माणूस कारखान्याला सहज मिळत नाही.

पाटल्या मोडल्या नाहीत. मुलाने फौंड्रीतच राहून देखरेखीचे काम मागून घेतले. पदविकेनंतरची त्याची आणखी दोन वर्षे भरावयाची आहेत, तोवर तो संध्याकाळी अभ्यास करतो. त्याच्या आईने एकदा आम्हांला वाटेत अडवून विचारले, "भाऊ, आखाताचं काय झालं म्हणायचं?" आम्ही म्हटले, आखात कोठे जात नाही. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे आम्हांला वाटले नाही, आणि घरात दोन धाकट्या मुली शिकायच्या असता ते व्हावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

परवा तो पुन्हा भेटला, या वेळी हातात वही घेऊन. आपल्या फौंड्रीची पाहणी त्याने लिहून काढली होती. वाळू चाळतात तेथील धूळ, जिच्यातून फुप्फुसात सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही, ती त्याने पहिल्या क्रमांकावर घातली होती. पाणी मारून वाळू ओलसर ठेवावी, धूळ ओढणारा पंखा लावावा, आणि तोंडाला बांधावयाचा मुखवटा शेवटी. क्रम बरोबर होता. दुसऱ्या क्रमांकावर वितळलेले लोखंड. त्याखाली पाणी सापडले तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो, हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलेले. त्यासाठी भिंतीवर लावावयाची पाटी त्याने तयार केली होती आणि तिची मराठी तपासून हवी होती. पाटी अशी: 'वितळलेल्या धातूच्या सान्निध्यात जलाचा अथवा ओलसर वस्तूंचा वापर सर्वथा वर्ज्य आहे.'

आम्ही म्हटले, शुद्धलेखन अगदी बरोबर आहे, पण कढई घेऊन चाललेला माणूस हे वाचणार केव्हा?

त्याने तेथेच गुडघ्यावर वही ठेवून ओळ खोडली आणि लिहिले: 'भट्टीजवळ पाणी नको.' मग कानडीत हेच कसे लिहावे ते विचारायला तो शेजारच्या मास्तरांकडे गेला.